अर्धे घर आईचे

विवाहसंस्कारासाठी वेदीपुढे उभे राहण्यापूर्वी गोव्यातील वधूवरांना आणखी एका मेजापुढे उभे राहावे लागते. मांद्रे गावचे वधूवर असतील, तर ते मेज पेडण्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात असते. तेथे दोघांनी आपला विवाहाचा उद्देश जाहीर करावयाचा, सह्या करावयाच्या, मुदत संपल्यावर दाखला घ्यावयाचा आणि तो फादरांच्या स्वाधीन करावयाचा, तेव्हा कोठे चर्चमध्ये लग्न लागते. पुढे चर्चच्या नोंदवहीतील नोंद पुन्हा त्याच कार्यालयात उतरविली जाते. लग्नघरी त्या दिवसांत कामांची इतकी दाटी असते, की ही सही म्हणजे एक सरकारी उपचार समजून सर्वजण ती उरकून टाकतात. परत येताना वाटेत शिंप्याकडे जायचे आहे, याचीच वधूला अधिक काळजी असते.

परंतु त्या सहीने जे घडते, ते लहानसहान नव्हे. लग्नापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केलेला नसेल, तर विवाह होताच पतीची मालमत्ता आणि पत्नीची मालमत्ता मिळून एक होते आणि त्या एकीत दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा ठरतो. नवऱ्याला वडिलांकडून आलेले भाट असो, त्याने बोटीवर नोकरी करून बांधलेले घर असो, की बायकोने माहेरून आणलेले सोने असो, साधारण नियम हाच. विवाहानंतर हा नियम बदलता येत नाही. आणि यातून पुढची गोष्ट ओघानेच येते, ती अशी की घर किंवा जमीन विकावयाची झाल्यास दोघांचीही संमती लागते. एकट्या नवऱ्याची सही पुरत नाही.

ही गोष्ट आम्ही आज मुद्दाम सविस्तर लिहीत आहो, कारण आपल्या घराघरांतून ती माहीत असूनही माहीत नसल्यासारखी आहे. ‘अर्धे घर आईचे’ हे वाक्य मुलगे प्रेमाने म्हणतील, पण कागदावर ते खरे आहे, हे ऐकले की दचकतील.

हा कायदा आला कोठून? मूळ आहे १८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता. ती १८७० साली गोव्यात लागू झाली. त्या वेळी आपला पेडणे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात येऊन शतकही पुरे झाले नव्हते. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून तो १७८८ साली त्यांच्याकडे गेला आणि ‘नव्या काबिजादी’त मोडू लागला. नव्या प्रजेच्या रूढींना धक्का लावू नये, असे राज्यकर्त्यांचे धोरण असल्यामुळे हिंदूंच्या काही चालीरीती १८८० च्या हुकूमनाम्याने वेगळ्या राखल्या गेल्या. त्यातली एक चाल तर अशी आहे, की पत्नीला ठरावीक वयापर्यंत अपत्य किंवा पुत्र न झाल्यास हिंदू पतीला दुसऱ्या विवाहाची मुभा राहते. आमच्या कॅथलिकांसाठीही चर्चमधील विवाहाविषयी १९४६ सालचा वेगळा हुकूम आहे. सबंध देशात समान नागरी कायद्याचा विषय निघाला म्हणजे गोव्याकडे बोट दाखविण्यात येते, आणि ते योग्यही आहे. मात्र येथील समानता अगदी निर्भेळ आहे, असे कोणी समजू नये.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. राज्य बदलले म्हणजे कायदा आपोआप बदलतो, अशी सामान्य माणसाची समजूत असते. तसे घडले नाही. १९६२ च्या प्रशासन कायद्यात असे स्पष्ट म्हटले होते, की जुने कायदे योग्य अधिकाऱ्याने बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत चालूच राहतील. मग १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. पेडण्याच्या मातीत जन्मलेले दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. १९६७ च्या जानेवारीत जनमत कौल झाला, आणि ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. इतके सारे झाले, पण कुटुंबाचा कायदा राहिला तो राहिलाच. गंमत अशी, की खुद्द पोर्तुगालने ही संहिता १९६७ साली मोडीत काढून नवी आणली. धन्याने टाकलेला कोट चाकराने जपून वापरावा, तसा काहीसा हा प्रकार आहे. पण कोट उबदार असेल तर का टाकावा? वारशाविषयीचा भाग मात्र गोवा विधानसभेने २०१२ साली नव्याने, आपला म्हणून, मंजूर केला. वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंतार प्रक्रिया यांविषयीचा तो कायदा सप्टेंबर २०१६ पासून अंमलात आहे. जुन्या संहितेतील मुख्य तत्त्वे त्यात टिकून राहिली आहेत.

ती तत्त्वे एका उदाहरणाने सांगतो. समजा, मांद्रेत एक कुटुंब आहे. बाप वारला. मागे आई, बोटीवर तारवटी असलेला थोरला मुलगा, घरी राहून शेत-माड सांभाळणारा धाकटा, आणि म्हापशाला दिलेली मुलगी. घर, भाट व बँकेतील ठेव मिळून साठ लाखांची मालमत्ता धरू. यातील तीस लाख आईचेच आहेत. ते तिला वारसा म्हणून मिळत नाहीत, ती विवाहाच्या दिवसापासून त्यांची मालकीण आहे. उरलेले तीस लाख बापाचे. ते तिघा मुलांत सारखे, म्हणजे दहा-दहा लाख. मुलगी परक्या घरी गेली, तिच्या लग्नाला खर्च झाला, या सबबीवर तिचा वाटा पैशानेही कमी होत नाही.

बापाने मृत्युपत्र केले असते तर? तरीही आपल्या तीस लाखांपैकी पंधराच लाख त्याला इच्छेप्रमाणे कोणाला देता आले असते. उरलेला अर्धा भाग मुलांसाठी कायद्यानेच राखून ठेवलेला आहे. हयातीत एका मुलाला भरभरून बक्षीस देऊन बाकीच्यांना कोरडे ठेवण्याची वाटही मोकळी नाही. अशी बक्षिसे वाटणीच्या वेळी हिशेबात धरावी लागतात.

आता तेरेखोलची खाडी ओलांडून रेडी-वेंगुर्ल्याकडे किंवा सातार्ड्यावरून सावंतवाडीकडे जा. बोली तीच, मासळी तीच, चर्चमधील सणही तेच. कायदा मात्र दुसरा. तेथील ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला पतीच्या मालमत्तेचा एक तृतीयांश आणि बाकीचे मुलामुलींना समान. पण मृत्युपत्र करून पतीने सारे काही एकाच मुलाला किंवा एखाद्या परक्याला देऊन टाकले, तर त्याला अडविणारी राखीव वाट्याची तरतूद त्या कायद्यात नाही. लग्नाने अर्धी मालकी मिळते, हा नियमही तेथे नाही. एका खाडीच्या दोन तीरांवर दोन विधवा, आणि दोघींच्या नशिबात एवढे अंतर. आमच्या मते गोव्याच्या बाजूचा कायदा चर्चच्या विवाहविषयक शिकवणीला अधिक जवळचा आहे. दोघे एकदेह होतात असे मानावयाचे आणि घराच्या कागदावर मात्र एकाचेच नाव ठेवावयाचे, यात विसंगती आहे.

मुंबईस जाऊन राहिलेल्या आपल्या माणसांसाठीही एक महत्त्वाचा निर्णय झाला आहे. एका गोवेकर कुटुंबाच्या वादात प्रश्न असा उपस्थित झाला, की मृताचे मुंबईतील घर कोणत्या कायद्याने वाटावयाचे? सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी निकाल दिला, की मृताचे अधिवास गोव्याचे असेल, तर भारतात इतरत्र असलेली त्याची मालमत्तासुद्धा गोव्याच्याच वारसा नियमांनी वाटली जाईल. गिरगावात वा माहीमला खोली घेऊन ठेवलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. कायमचे तिकडेच स्थायिक झालेल्यांची गोष्ट निराळी ठरू शकते, व त्यांनी जाणत्या वकिलाला विचारलेले बरे.

इतका चांगला कायदा आहे, तर मग घरोघरी तंटे का? याचे उत्तर कायद्यात नाही, आपल्या वहिवाटीत आहे.

मुलीचे लग्न ठरले, की काही घरांतून तिच्याकडून एका कागदावर सही घेण्यात येते. ‘मला माझा वाटा पावला, आईबापांच्या जमिनीवर माझा हक्क नाही’ अशा अर्थाचा तो मजकूर. मुलगी सही करते. लग्नाच्या तोंडावर भावाचे मन कोण दुखवील? परंतु आईबाप हयात असताना त्यांच्या वारशावरील हक्क सोडताच येत नाही, हे त्या संहितेचे जुने तत्त्व आहे. असा कागद लिहून घेणारा भाऊ स्वतःला फसवितो. पुढे वीस वर्षांनी जमीन विकावयास निघाला, की हाच कागद त्याच्या काही उपयोगी पडत नाही, आणि बहिणीच्या मनात मात्र तो वीस वर्षे सलत राहिलेला असतो. आईबापांच्या पश्चात तिला खरोखरच हक्क सोडावयाचा असेल, तर तो रीतसर दस्ताने, नोटरी अधिकाऱ्यासमोर सोडावा लागतो. त्या वेळी जावयाचीही सही लागते. लागणारच, कारण लग्नाच्या एकीमुळे बायकोच्या वाट्यात त्याचाही अर्धा आहे! बहिणीला न विचारता कारभार उरकणारे भाऊ जावयाच्या दारी मात्र दोन-दोन वेळा जाताना आम्ही पाहिले आहेत.

दुसरी वहिवाट याहून वाईट. ती म्हणजे काहीच न करण्याची. आजोबा वारले, एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचेच नाव. बाप वारला, तरी तेच नाव. मुलगे कोणी आखातात, कोणी इंग्लंडात, त्यांची मुले तिकडच्या शाळांत. आता वारस तिघांचे तेवीस होतात आणि त्यांपैकी निम्म्यांना घराचे छप्पर कौलारू आहे की पत्र्याचे, हेही सांगता येत नाही. घर मोडकळीस येते, कारण दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा, हे ठरत नाही. भाटातले माड उतरविणारा मिळत नाही. ख्रिसमसला चार दिवस दारे उघडतात आणि पुन्हा कुलूप.

मुंडकाराच्या घराचीही अशीच कथा आहे. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या घर करून राहिलेल्यांना १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने हुसकावणीपासून अभय दिले आणि मामलेदाराकडे अर्ज करून घर व त्याभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. पंचायत क्षेत्रात साधारण तीनशे चौरस मीटरपर्यंत ती जागा मिळते. कुळांसाठी १९६४ चा कायदा झाला, व १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालक होण्याची वाट खुली झाली. भाटकारांच्या मोठमोठ्या मिळकती असलेल्या पेडण्यात या कायद्यांचे मोल किती, हे सांगावयास नको. पण कित्येकांनी अर्जच केले नाहीत. ‘भाटकार चांगला माणूस आहे, तो काही म्हणत नाही’ असे म्हणून ज्यांनी दिवस काढले, त्यांना आज भाटकाराचे नातू ओळखत नाहीत. आणि ज्यांनी घर विकत घेतले, त्यांच्याही घरात अर्धा हक्क बायकोचाच आहे, हे येथे पुन्हा सांगून ठेवतो.

पूर्वी या आळसाने फारसे बिघडत नसे. चोपडे-शिवोलीची होडी धरून जावे लागे तेव्हा मांद्रेच्या रेताड जमिनीला कोण विचारीत होता? आता काळ फिरला आहे. आश्वे, मोरजी, हरमल या किनाऱ्यावर पर्यटकांची वर्दळ वाढली. मोपाचा विमानतळ आपल्याच तालुक्यात डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून चालू झाला. माळरानावरच्या काजूच्या बागेलाही आता गिऱ्हाईक येते. सरकारचे नियमही एकसारखे हालत असतात. २०२३ साली नगर व ग्राम नियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालून जमिनीचे झोन बदलण्याची सोय करण्यात आली, आणि त्याखालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. त्याच २०२३ साली भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंधन आणणारा कायदाही झाला. किनाऱ्यावर मांद्रे व मोरजी येथे कासवे अंडी घालावयास येतात, म्हणून तेथे बांधकामावर केंद्राची बंधने आहेत. एका हाताने मोकळीक आणि दुसऱ्या हाताने आडकाठी, असा हा खेळ आहे. त्यात दलाल तेवढा गोंधळत नाही.

दलाल काय करतो? तो पहिल्याने कागद पाहतो. वारसांची नावे चढलेली नसली की त्याला आनंद होतो. तो सर्वांत गरजू वारसाला गाठतो, बहुधा दूर राहणारा, घराशी जिव्हाळा नसलेला, कर्जात असलेला. त्याचा अविभक्त हिस्सा स्वस्तात पदरात पाडून घेतो. एकदा परका माणूस वारसांच्या पंगतीत येऊन बसला, की मग न्यायालयाच्या दारात उभे राहण्याखेरीज बाकीच्यांना गत्यंतर उरत नाही. सहवारसांना प्रथम खरेदीचा हक्क आहे खरा. पण तो मुदतीत आणि पैशासह वापरावा लागतो, आणि बातमी कानी येईतो बहुधा मुदत व पैसा दोन्ही नसतात.

यावरचा उपाय म्हणजे वेळच्या वेळी इन्व्हेंतार. वारसांमधील वाटणीच्या या न्यायालयीन कामाला गोव्यात आजही त्याच नावाने ओळखतात. सर्वांचे एकमत असेल, तर विशेष नोटरीकडे वारसांचा दस्त करून व आपसांत वाटणीपत्र करून काम भागते. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. तेथे वारसांची व मालमत्तेची यादी होते, परदेशातील वारसांनाही नोटिसा जातात, किंमत ठरते, आणि जी वस्तू तोडून वाटता येत नाही तिचा वारसांपुरताच लिलाव होतो. घर एक आणि मुले तीन, म्हणजे भावंडांनीच एकमेकांवर बोली चढवावयाची. जो जास्त बोलेल त्याला घर, आणि बाकीच्यांना त्याने त्यांच्या वाट्याचे पैसे द्यावयाचे.

येथे आम्हाला या कायद्यात एक उणीव दिसते, ती झाकून ठेवू नये. लिलावात समानता आहे, पण ती थैलीची समानता आहे. आईच्या आजारपणात रात्री जागणारा, घरपट्टी भरणारा, पावसाळ्यापूर्वी कौले परतणारा धाकटा मुलगा आणि परदेशी चलनात पगार घेणारा थोरला, हे दोघे एकाच बोलीत उतरतात. कोण हरेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. बापाला हे दिसत असते. मग तो हयात असतानाच आपल्या हातातील अर्ध्या भागाचा, म्हणजे वरच्या उदाहरणातील पंधरा लाखांचा, विचारपूर्वक उपयोग का करीत नाही? घरात राहून सेवा करणाऱ्याला तेवढा आधार देणारे मृत्युपत्र करता येते, आणि ते कायद्याला धरूनच असते. आईलाही तिच्या अर्ध्याविषयी तसेच करता येते. मृत्युपत्राचे नाव काढले की आमच्या घरांतून अशुभ बोलल्यासारखे पाहतात. अंत्यअभ्यंगाचे तेल घरी येईपर्यंत तो विषय निघत नाही, आणि तेव्हा सही करणारा हात थरथरत असतो.

जमीन-जुमल्याच्या गोष्टींनी आपल्या साप्ताहिकाची पाने का भरावी, असे कोणी म्हणेल. ‘भावाला सांगा, त्याने मला वाटा द्यावा’ अशी मागणी घेऊन एक माणूस प्रभू येशूकडे आला असता प्रभूने वाटणी करणारा पंच होण्याचे नाकारले, हे लूकच्या शुभवर्तमानात आहे. आम्ही ते विसरलेलो नाही. पण त्याने नाकारले ते लोभाबद्दल सावध करण्यासाठी. बहिणीचा वाटा दाबून ठेवणाऱ्याची पाठराखण त्यात कोठेही नाही. आणि त्याच बायबलात, गणनेच्या पुस्तकात, सलाफहादच्या पाच मुलींची हकीकत आहे. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचे वतन बुडावे काय, असे त्या मोशेपुढे येऊन विचारतात, आणि मोशे त्यांचा प्रश्न परमेश्वरासमोर नेतो. मुलींचे म्हणणे बरोबर ठरते. पंचांपुढे उभे राहून आपला वाटा मागणे हे निर्लज्जपणाचे लक्षण आहे, अशी त्या काळच्या वडीलधाऱ्यांची समजूत नव्हती, इतकेच आम्ही येथे नमूद करतो.

मांद्रे मतदारसंघाला कायद्याचे वावडे असावयास नको. येथून विधानसभेवर गेलेले रमाकांत खलप पुढे १९९६ साली केंद्रात कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले, आणि येथूनच निवडून आलेले लक्ष्मीकांत पार्सेकर २०१४ ते २०१७ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. ज्या मतदारसंघाने कायदे करणारे पाठविले, तेथील घरांत कायद्याचे कागद मात्र पत्र्याच्या पेटीत वाळवीच्या तोंडी पडलेले असावेत, हे नवल आहे.

म्हणून येत्या आठवड्यात एवढे करावे. एक-चौदाचा उतारा काढून कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते वाचावे. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ किंवा मुंडकार म्हणून आपले नाव आहे काय, तेही पाहावे. आजोबांचा, बापाचा मृत्यूचा दाखला व आईबापांच्या विवाहाची नोंद एकत्र ठेवावी. जुना पोर्तुगीज दस्त असेल तर त्याचे भाषांतर करून घ्यावे. परदेशी गेलेल्या भावाने सुटीवर आल्यावर मुखत्यारपत्र करून ठेवावे. आणि बहिणीला घरी जेवावयास बोलवून हे सारे कागद तिच्याही पुढे ठेवावे, जावयासह.

न्यायालयात जाण्याची पाळी आलीच, तर यादी देणारा एक मुखत्यार लागतो. जुनी माणसे त्याला ‘कबेस द काझाल’ म्हणजे कुटुंबाचा प्रमुख म्हणत. कित्येक थोरले मुलगे तो मान आपलाच समजून नवा शर्ट घालून पेडण्याला जातात. पण पतीच्या मागे पत्नी हयात असेल, तर हा मान प्रथम तिचा असतो. शपथेसाठी पुकारा होतो तो आईच्या नावाचा.